खाल्लेल्या पानांची बाग

ठाण्याहून घोडबंदर रस्त्याने निघाले आणि कापूरबावडी, मानपाडा, वाघबीळ अशी एकेकाळची छोटी गावे मागे पडू लागली, की डाव्या हाताला येऊरच्या डोंगररांगा साथ करू लागतात. उजवीकडे, इमारतींच्या पलीकडे, उल्हास नदीची खाडी आहे. डोंगर आणि खाडी यांच्यामधल्या या चिंचोळ्या पट्ट्यात तीसेक वर्षांपूर्वी शेते, वाड्या आणि थोडे कारखाने होते. आज तेथे मनोरे आहेत, त्यांच्या मध्ये मेट्रोचे खांब आहेत, आणि रस्त्यावर गुजरातच्या दिशेने जाणारे कंटेनर आहेत. कासारवडवली ओलांडल्यावर ओवळा गाव येते. मुख्य रस्ता सोडून गावात वळले की ओवळेकर वाडी लागते. ही सुमारे दोन एकरांची खाजगी जमीन आहे, एका कुटुंबाची आहे, आणि ती आठवड्यातून एकदा, साधारणतः रविवारी सकाळी, कोणालाही पाहता येते.

या वाडीची ख्याती फुलपाखरांसाठी आहे. शारीरिक शिक्षणाचे शिक्षक असलेल्या राजेंद्र ओवळेकर यांनी दोन दशकांहून अधिक काळ खपून ती उभी केली. येथे सव्वाशेहून अधिक जातींच्या फुलपाखरांची नोंद झालेली आहे. ही सारी फुलपाखरे येथे आपण होऊन येतात, ही गोष्ट प्रथम लक्षात घेतली पाहिजे. बंगळुरूजवळच्या बन्नेरघट्टा येथे फुलपाखरांसाठी मोठा बंदिस्त घुमट आहे. सिंगापूरपासून युरोपपर्यंत अनेक ठिकाणी जाळीच्या आत फुलपाखरे सोडलेली असतात. ओवळ्याला जाळी नाही, घुमट नाही, बाहेरून विकत आणून सोडलेले एकही फुलपाखरू नाही. मागच्या डोंगरातून, शेजारच्या रानातून ते येते, हवे असेल तर थांबते, नको असेल तर निघून जाते. तिकीट घेऊन आत आलेल्याला अमुक जात दिसेलच अशी हमी कोणी देत नाही. गिऱ्हाईकाला माल दाखवण्याची सवय असलेल्या आपल्या व्यापारी कुटुंबांना हा व्यवहार सुरुवातीला थोडा चमत्कारिक वाटतो.

पहिल्यांदा आलेल्यांपैकी पुष्कळांची आरंभी निराशा होते, हेही सांगितले पाहिजे. बाग म्हटली की मनात ताटवे येतात, कातरलेली हिरवळ येते, म्हैसूरचे वृंदावन किंवा निदान मलबार हिलची हँगिंग गार्डन तरी येते. येथे पायवाटेच्या दोन्ही बाजूंना गर्दी आहे ती झुडपांची. आणि त्यांतल्या अनेकांची पाने खाल्लेली आहेत. काहींना भोके आहेत, काहींच्या कडा कुरतडलेल्या आहेत, एखाद्या फांदीवर तर नुसत्या शिराच उरल्या आहेत. सोसायटीच्या बागेत अशी फांदी दिसली तर संध्याकाळच्या आत माळ्याला बोलावणे जाते. या वाडीत मात्र ती फांदी म्हणजे वर्षाची कमाई आहे.

याचे कारण फुलपाखराच्या जन्मकथेत आहे. फुलपाखराला मकरंद हवा असतो तो उडण्याच्या काही आठवड्यांपुरता. त्याआधीचे त्याचे आयुष्य पानावर जाते. अंडे पानावर, अळी पानावर, आणि बहुधा कोशही त्याच झाडावर किंवा जवळपास. शिवाय बहुतेक अळ्यांना वाटेल ते पान चालत नाही. एकेका जातीची खाद्यवनस्पती ठरलेली असते. काहींची एकच, काहींच्या एकाच कुळातल्या चारदोन. मादी अंडे घालण्यापूर्वी पानावर उतरते आणि पुढच्या पायांनी ते टपटप थोपटते. ती पायांनी पानाची चव घेत असते. खात्री पटली तरच अंडे चिकटवते, नाहीतर उडून दुसऱ्या पानाकडे जाते. नुसती रंगीत फुले लावलेल्या बागेत फुलपाखरू पाहुणा म्हणून येईल आणि जाईल. तेथे त्याचा संसार होणार नाही. त्यामुळे फुलपाखरांची बाग करायची असेल त्याने आधी पाने खाऊ देण्याची तयारी ठेवावी लागते. फुलांचा विचार त्यानंतर.

बाजारात ज्या झाडांना किंमत नाही, अशीच झाडे या कामी सर्वांत उपयोगी ठरतात. रुईचे उदाहरण घ्यावे. पडीक जागेत, रेल्वेमार्गाच्या कडेला उगवणारी, मारुतीच्या माळेपुरती आठवणारी रुई ही ‘प्लेन टायगर’ या तांबूस फुलपाखराच्या अळीचे अन्न आहे. रुईच्या चिकातले विष अळीला बाधत नाही. ती ते शरीरात साठवते आणि त्याच्या बळावर पुढे फुलपाखरू पक्ष्यांपासून वाचते. म्हणूनच ते इतके संथ, निर्धास्त उडते. सापसंद नावाच्या वेलीवर वाढणाऱ्या, लाल अंगाच्या ‘क्रिमझन रोज’चीही हीच रीत आहे. गंमत अशी की लिंबाच्या कुळावर वाढणाऱ्या, मुळीच विषारी नसलेल्या ‘कॉमन मॉरमॉन’ या जातीतल्या काही माद्या हुबेहूब या विषारी फुलपाखरांसारखे रूप घेतात. नामांकित मालाचे लेबल साध्या मालावर लावावे तसे. फरक इतकाच की येथे लेबलावर जीव अवलंबून असतो. बहाव्यावर आणि त्याच्या भाईबंदांवर ‘कॉमन इमिग्रंट’ वाढते. बांडगूळ, जे आंबेवाल्याला डोळ्यांसमोर नको असते, त्यावर ‘कॉमन जेझबेल’ वाढते. पिवळ्या-तांबड्या ठिपक्यांमुळे त्याला मराठीत हळदीकुंकू असे सुरेख नाव मिळाले आहे.

कण्हेरीजवळ मात्र आपल्या वाचकांतील जवाहिऱ्यांनी अंमळ अधिक थांबावे. कण्हेर मुंबईकराच्या इतकी ओळखीची की ती दिसेनाशी झाली आहे. द्रुतगती मार्गांच्या दुभाजकांवर मैलोगणती तीच लावलेली असते. तिचीही पाने विषारी, चीक विषारी. तिच्यावर ‘कॉमन क्रो’ म्हणजे हबशी या तपकिरी-काळ्या फुलपाखराची अळी वाढते. ही अळी पूर्ण वाढली की पानाखाली उलटी टांगून घेते आणि तिचा कोश तयार होतो. तो कोश चांदीसारखा चकाकतो. घासून उजळलेल्या चांदीच्या डुलासारखा. ऊन पडले की त्यात आजूबाजूची हिरवी पाने आणि पाहणाऱ्याचे तोंडही दिसते. यात धातूचा कणही नाही. कोशाच्या आवरणातील अतिशय पातळ थरांवरून प्रकाश परावर्तित होऊन ही झळाळी येते. आठदहा दिवसांत आतील फुलपाखरू बाहेर पडते आणि मागे उरते ते एक निस्तेज, पोकळ टरफल. झवेरी बाजारात आयुष्य गेलेल्या माणसाने असा दागिना पाहिलेला नसतो.

लिंबाच्या झाडावरचे नाट्य याहून घरगुती आहे. लिंबावरच्या फुलपाखराची कोवळी अळी पक्ष्याच्या विष्ठेसारखी दिसते, काळपट-पांढरी आणि किळसवाणी. पक्षी तिच्याकडे वळत नाही तो याच कारणाने. मोठी झाली की ती कात टाकून पानासारखी हिरवीगार होते. कोणी डिवचले तर डोक्यामागून तांबूस रंगाचे, दोन फाटे असलेले शिंग बाहेर काढते आणि उग्र वास सोडते. दोन-तीन आठवडे पाने खाते. मग कोश, आणि आणखी आठदहा दिवसांनी काळ्यापिवळ्या नक्षीचे फुलपाखरू. याच कुळातील झाडांवर नीलवंतही वाढते. काळ्या मखमलीवर निळे पाणी सांडावे तसे त्याचे पंख. देशातील सर्वांत मोठ्या फुलपाखरांत त्याची गणना होते. २०१५ मध्ये महाराष्ट्राने त्याला राज्य फुलपाखराचा मान दिला. शेकरू, हरियाल, आंबा आणि ताम्हण यांच्या पंक्तीत ते जाऊन बसले. राज्याने फुलपाखरास असा मान देण्याची देशातील ती पहिलीच वेळ होती. पुढे राज्याच्या जैवविविधता मंडळाने इतर जातींनाही मराठी नावे देण्याचे काम हाती घेतले. मुलांना इंग्रजी नावे चटकन पाठ होतात, हे खरे. पण आजीला हळदीकुंकू कळते.

फुलपाखरांचा हंगाम पावसाबरोबर सुरू होतो. जूनच्या सरींनी कोवळी पालवी फुटते, पालवीवर अंडी पडतात, आणि भाद्रपद-आश्विनापासून मार्गशीर्षापर्यंत वाडी भरात असते. आपल्या पंचांगाशी हे ताडून पाहिले तर तो जवळपास चातुर्मासच आहे. हा निव्वळ योगायोग म्हणता येणार नाही. साधू-साध्वी या चार महिन्यांत विहार थांबवतात तो याच जीवोत्पत्तीमुळे. आपल्या घरांत चातुर्मासात पालेभाजी वर्ज्य होते तीही पानापानावर जीव असतो म्हणून. शहरातल्या तिसऱ्या पिढीला हा नियम ठाऊक असतो, पाळलाही जातो. परंतु त्यामागचा जीव प्रत्यक्ष पाहिलेली मुले किती? बाजारातली पालेभाजी औषधे मारून, धुऊन, प्लास्टिकमध्ये बांधून येते. ओवळ्याला एखादे पान हलकेच उलटून दाखवले, त्याच्या मागे मोहरीहून लहान मोत्यासारखे अंडे चिकटलेले दिसले, म्हणजे पाठशाळेत शिकवलेली इंद्रियांची उतरंड, त्यातले भुंगा-फुलपाखरादी चतुरिंद्रिय जीव आणि आईने ताटातून वगळलेली मेथी या तीन गोष्टी मुलाच्या मनात प्रथमच एका ठिकाणी येतात.

येथेच एक नाजूक विषय निघतो. आपल्या स्वयंपाकघरात कढीपत्त्याच्या जुडीत कधी तरी हिरवी अळी निघते. अनेक घरांत ती मारली जात नाही. जयणेने कागदावर घेतली जाते आणि खाली बागेत नेऊन सोडली जाते. कोणी तिला तुळशीत ठेवतो, कोणी जास्वंदीवर, कोणी हिरवळीवर. हेतू निर्मळ असतो. पण कढीपत्त्यावर वाढलेली अळी तुळस खात नाही, जास्वंद खात नाही, गवत तर नाहीच. ती पान शोधत फिरते आणि उपाशी मरते. आपल्या डोळ्यांदेखत मरत नाही, इतकेच. तिला वाचवायचे असेल तर कढीपत्त्याचे किंवा लिंबाचे झाड गाठावे लागते, आणि त्यासाठी ती कोण आहे हे आधी ठाऊक असावे लागते. दशवैकालिक सूत्राने ज्ञानाचे स्थान दयेच्या आधी ठेवले आहे. एरवी प्रवचनात ऐकलेल्या या क्रमाचा अर्थ वाडीत कढीपत्त्याच्या झाडापाशी उभे राहिल्यावर फार सोपा होतो.

तथापि ही वाडी म्हणजे अहिंसेचे नंदनवन आहे अशी कल्पना करून कोणी जाऊ नये. झुडपात प्रार्थनाकीटक टपून बसलेला असतो. कोळी जाळे विणतो, सरडा झेप घेतो, आणि काही बारीक गांधीलमाश्या अळीच्या अंगातच आपली अंडी घालतात. मादीने घातलेल्या अंड्यांपैकी फार थोड्यांची फुलपाखरे होतात. कोळ्याच्या जाळ्यात अडकलेले फुलपाखरू पाहून लहान मूल हमखास रडकुंडीला येते आणि ‘बा, त्याला सोडव ना’ म्हणून आजीचा पदर ओढते. आजीचा हात पुढे होतो आणि थांबतो, कारण कोळ्याचेही पोट आहे. या प्रश्नाचे चटकन देता येण्यासारखे उत्तर बागवानाकडेही नसते. माणसाने आपल्या बाजूने विष आणायचे नाही आणि झाड उपटायचे नाही, एवढे तो पाळतो. बाकीचा हिशेब त्या जीवांचा आपसातला आहे.

कोशाजवळ उभे असताना रेशमाची आठवण होणेही साहजिक आहे. फुलपाखरांचे कोश बहुधा उघडे असतात. रेशमाचा किडा हा पतंगाच्या जातीचा, तो स्वतःभोवती धाग्याचे आवरण गुंडाळतो. तो धागा अखंड मिळावा म्हणून पतंग बाहेर पडण्यापूर्वीच कोश वाफेत किंवा उकळत्या पाण्यात घातला जातो. पूजेच्या वस्त्रांसाठी रेशीम वापरावे की नाही, हा वाद आपल्या समाजात जुना आहे आणि दोन्ही बाजूंची माणसे श्रद्धावान आहेत. पतंग उडून गेल्यावर उरलेल्या कोशांपासून कातलेले रेशीमही आता मिळते. त्याला झळाळी कमी असते आणि भाव जास्त. कापडाच्या धंद्यातील वाचकांना हे सारे ठाऊकच आहे. फक्त कोश फुटून ओले, चुरगळलेले पंख हळूहळू उलगडत जाताना त्यांनी एकदा पाहावे. पंख उलगडून वाळायला तास-दीड तास लागतो, आणि तेवढा वेळ फुलपाखरू अगदी निराधार असते.

आता जमिनीकडे वळावे. दोन एकर म्हणजे ऐंशी गुंठे. घोडबंदर रस्त्यालगत ऐंशी गुंठे जमीन म्हणजे काय, हे या मासिकाच्या वाचकांना समजावून सांगण्याची गरज नाही. अनेकांनी याच पट्ट्यात सदनिका घेतल्या आहेत, काहींनी बांधल्याही आहेत. वडाळ्याहून घाटकोपर, मुलुंडमार्गे कासारवडवलीपर्यंत जाणारी मेट्रो ४ आणि बोरिवलीहून राष्ट्रीय उद्यानाच्या पोटातून ठाण्यात निघणारा जोडबोगदा या दोन कामांनी येथील भाव आणखी वर नेले आहेत. अशा जमिनीच्या बाजारमूल्यावर साध्या मुदत ठेवीचे व्याज जरी धरले, तरी रविवारच्या तिकिटांतून येणारी रक्कम त्यापुढे नगण्य ठरेल. ताळेबंदाच्या भाषेत ही मालमत्ता अनुत्पादक आहे. ती तशी ठेवण्याचा निर्णय एकदाच घेऊन भागत नाही. दर वर्षी, शेजारी नवा मनोरा उभा राहिला की, तो पुन्हा घ्यावा लागतो. सरकारी उद्यानाच्या पाठीशी कायदा असतो. संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचे शंभरांहून अधिक चौरस किलोमीटर कायद्याने राखलेले आहेत. माहीमचे महाराष्ट्र निसर्ग उद्यान कचऱ्याच्या जुन्या डेपोवर सार्वजनिक प्रयत्नाने उभे राहिले आणि १९९४ मध्ये खुले झाले. खाजगी वाडीच्या पाठीशी असतो तो केवळ मालकाचा मनोदय, आणि पुढच्या पिढीचा.

म्हणूनच दारात उभे राहून ‘एवढ्याशा बागेला तिकीट कशाला’ म्हणणाऱ्यांचे नवल वाटते. सिनेमागृहातल्या मक्याच्या लाह्यांची किंमत न विचारता देणारी हीच माणसे असतात. जीवदयेच्या खात्यात आपला समाज सढळ हाताने देतो, पांजरपोळी चालवतो, पर्युषणात कबुतरांच्या दाण्यासाठी पावत्या फाडतो. अळीच्या नावाने पावती फाडण्याची सोय कुठे नाही. या वाडीचे तिकीट तसे समजून घेतले तर ते स्वस्तच वाटेल.

जायचे कसे? मुलुंड-घाटकोपरकरांना ठाण्यावरून सरळ रस्ता आहे. ठाणे स्थानकावरून घोडबंदर रस्त्याच्या बसगाड्या मिळतात. बोरिवली-अंधेरीकरांनी काशिमिऱ्याहून गायमुखचा घाट धरावा. मात्र त्या घाटात एखादा ट्रक बंद पडला तर रविवारची सकाळ तेथेच संपते, तेव्हा लवकर निघणे इष्ट. वाडीची वेळ आणि दिवस यांची दूरध्वनीवरून खात्री करून घ्यावी, पावसाच्या भर दिवसांत तर अवश्य. फार पहाटे पोहोचण्यात मतलब नाही. फुलपाखराचे रक्त थंड असते. ऊन अंगावर पडून पंख तापल्याशिवाय ते उडत नाही. त्यामुळे नवकारशी करून निघालेल्यांचेही काही बिघडत नाही. साडेआठ ते अकरा हा उत्तम काळ. चातुर्मासात रविवारच्या सकाळी शिबिरे आणि प्रवचने असतात, हे खरे आहे. त्यांना कार्तिकी पौर्णिमेनंतरचे चार-पाच रविवार मोकळे सापडतील आणि फुलपाखरेही तोवर सरलेली नसतात.

आत गेल्यावर वागण्याचे नियम थोडे आहेत, पण ते मुलांपेक्षा मोठ्यांनाच सांगावे लागतात. फुलपाखरू हातात धरू नये. त्याच्या पंखांवरची रंगीत भुकटी म्हणजे बारीक खवले असतात; बोटांना लागलेले ते परत उगवत नाहीत. आपली सावली त्याच्यावर पडू देऊ नये, कारण सावली पडली की ते उडते. छायाचित्रासाठी फांद्या वाकवू नयेत. भडक अत्तर लावून आणि मोठ्याने बोलत जाणाऱ्या मोठ्या टोळीपेक्षा दोघे-तिघे शांतपणे एका झुडपापाशी दहा मिनिटे उभे राहिले तर त्यांना अधिक दिसते. ओल्या मातीवर पंख मिटून बसलेला फुलपाखरांचा घोळका दिसला तर तो ओलांडून जाऊ नये; तेथे बहुधा नर चिखलातील क्षार शोषत असतात. सडलेल्या केळ्यावर बसलेले फुलपाखरू पाहून नाक मुरडू नये. सर्वच फुलपाखरे मकरंदावर जगत नाहीत. काहींना पिकून आंबलेल्या फळाचा रसच प्रिय असतो.

परतल्यावर स्वतःच्या सोसायटीची बाग निराळी दिसू लागते. शोभेची म्हणून आणलेली परदेशी, रंगीत पानांची झुडपे बहुतेक येथील अळ्यांच्या दृष्टीने प्लास्टिकची असतात. त्यांवर महिन्याच्या करारानुसार फवारणी होते. कोणती कीड झाली म्हणून, हे समितीतही कोणाला ठाऊक नसते. करार आहे म्हणून. डेंग्यू-मलेरियासाठीची धुरळणी आरोग्याची बाब आहे, तिला कोणी शहाणा माणूस आडवा येणार नाही. पण पान भोकाचे दिसू नये एवढ्यासाठी होणारी फवारणी निव्वळ हौसेची असते. ‘आम्ही सेंद्रिय वापरतो, कडुलिंबाचे तेल’ असे अभिमानाने सांगितले जाते. कडुलिंबाचे तेलही अळीची भूक मारते आणि तिला कात टाकू देत नाही. वनस्पतिजन्य आहे म्हणून ते अहिंसक ठरत नाही. रोज पाणी गाळून पिणाऱ्या सदस्यांच्या सोसायटीत या कराराचे नूतनीकरण बिनविरोध मंजूर होते. या विसंगतीची चर्चा वार्षिक सभेत पार्किंगच्या विषयाआधी पाच मिनिटे तरी व्हावी.

आणि यासाठी दोन एकर लागत नाहीत. कुंपणालगत सरळ उंच वाढणारा जो अशोक मुंबईत प्रत्येक सोसायटीत असतो, त्याची कोवळी पाने हे ‘टेल्ड जे’ या हिरव्या-काळ्या, चपळ फुलपाखराच्या अळीचे अन्न आहे. पावसात त्याची छाटणी थोडी लांबवली तरी पुरे. खिडकीच्या ग्रिलमध्ये कढीपत्त्याची एक कुंडी ठेवली आणि स्वयंपाकासाठी दुसरी, तर पहिल्या पावसाळ्यातच मादी तिसऱ्या-चौथ्या मजल्यापर्यंत शोधत येते. पानफुटी तर मुलांनी शाळेच्या प्रयोगासाठी घरी आणलेलीच असते. तिच्या जाड पानाच्या आत शिरून ‘रेड पिअरो’ची अळी पान पोखरत वाढते. वरून पान फक्त थोडे फिकट दिसते. सकाळच्या उन्हात ते न तोडता खालून पाहिले, तर आत सरकणारी तिची सावली दिसते.